सोऱ्याखालचं पाकीट

शुक्रवारी दुपारी शाळेतून मिसेस लिंडक्विस्टचा फोन आला तेव्हा वसुधाच्या कढईत अनारसा होता. फोन संपेपर्यंत तो हसून तुपात कडेपर्यंत पसरला. एरवी एक अनारसा हसला तर वसुधा पिठाला, तुपाला, मिनेसोटाच्या कोरड्या हवेला आणि शेवटी नवऱ्याला बोल लावत असे. आज तिने झाऱ्याने त्याचा चुरा काढून टाकला आणि शेगडी बंद केली.

मिसेस लिंडक्विस्ट ही वसुधाच्या मुलीच्या, उत्तराच्या, शाळेतली काउन्सेलर. शेवटच्या वर्षातल्या सगळ्या मुलांचे कॉलेजचे अर्ज तिच्या हाताखालून जात. बाई इतकी सभ्य, की ती रागावली आहे हे कळायलाच वसुधाला वेळ लागला. तिचं म्हणणं असं होतं, की मिस्टर आगटे यांनी, म्हणजे वसुधाच्या नवऱ्याने, श्रीरंगने, शिकागोच्या मेडिकल कोर्ससाठी उत्तराचा अर्ली डिसिजनचा फॉर्म तिच्या सहीसाठी पाठवला आहे. पण वेदरबी कॉलेजसाठी उत्तराने स्वतः भरलेल्या अर्ली फॉर्मवर तिने आधीच सही केली आहे. अर्ली म्हणजे वचन असतं. कॉलेजने हो म्हटलं की तिथेच जायचं आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. दोन ठिकाणी वचन देता येत नाही, म्हणून शिकागोचा फॉर्म ती उत्तराबरोबर परत पाठवते आहे. आणि वेदरबीचा फॉर्म तिने सोमवारीच घरी पोस्टाने पाठवला होता, त्यावर पालकांची सही होऊन तो गेला ना? कारण उद्या पहिली नोव्हेंबर, पाकिटावर उद्याचा शिक्का पडलाच पाहिजे.

"आय विल चेक," वसुधा म्हणाली.

चेक करायचं होतं ते तिच्यापासून दोन हातांवर होतं. शेगडीशेजारच्या खणात, चकलीच्या सोऱ्याखाली. मंगळवारच्या टपालात पाकीट आलं आणि वसुधाने ते आपल्या हाताने तिथे ठेवलं होतं.

वसुधा काही कपटी बाई नव्हती. मंगळवारी तिने पाकीट ठेवलं ते 'उद्या देऊ' म्हणूनच ठेवलं. बुधवारी शंकरपाळे झाले. गुरुवारी सांता क्लाराहून थोरले दीर आणि जाऊ आले, त्यांना विमानतळावरून आणायचं होतं. उद्या हा शब्द फार सोयीचा असतो, तो रोज नव्याने वापरता येतो. मनाच्या तळाशी तिने हिशेब मात्र पक्का केला होता. अर्ली गेला नाही तर रेग्युलर. रेग्युलर म्हणजे जानेवारीत अर्ज, एप्रिलमध्ये उत्तरं, आणि नऊ कॉलेजांपैकी एक तरी घरापासून वीस मिनिटांवरचं. वेदरबी तेराशे मैलांवर होतं.

संध्याकाळी उत्तराने विचारलं, "आई, माझं काही मेल आलं होतं का? धिस वीक?"

"बघते हं," वसुधा म्हणाली. ती खोटं बोलली नाही. फक्त तिने बघितलं नाही.

*

शनिवारी पहाटे सगळ्यांची अभ्यंगस्नानं झाली. नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन यंदा, म्हणजे शहाऐंशी साली, एकाच दिवशी आले होते, आणि शनिवार असल्यामुळे अमेरिकेत बऱ्याच वर्षांनी दिवाळीला रजा काढावी लागली नव्हती. दारात आकाशकंदील आणि कालच्या हॅलोविनचा दातपडका भोपळा शेजारी शेजारी होते. फराळाच्या टेबलाशी अण्णा कानटोपी घालून बसले होते. श्रीरंगचे वडील सहा महिन्यांसाठी आले होते, आणि घरात सत्तर डिग्री फॅरनहाइट हीटिंग असलं तरी खिडकीबाहेर तीस आहे हे त्यांना दिसत होतं, त्यामुळे टोपी उतरत नव्हती.

उत्तरा शेवटी आली. डोळे सुजलेले. तिने एक चकली मोडली आणि ती न खाता ताटलीत ठेवली.

"फॉर्म आलाच नाही," ती म्हणाली. "शाळा आज बंद आहे. मिसेस लिंडक्विस्टची नवी सही मिळणार नाही. सो, इट्स ओव्हर."

श्रीरंगने घसा साफ केला. ह्या माणसाला वाईट वाटलं की तो समजावून सांगायला लागत असे. आता त्याने सगळ्यांना समजावलं, की जे झालं ते बरंच झालं. दोन अर्ली फॉर्म भरायची कल्पना त्याचीच होती, हे तो लपवत नव्हता. त्याला अजूनही त्यात काही चुकीचं दिसत नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे ॲडमिशन ही घेऊन ठेवायची गोष्ट. एक हातात असली की माणूस निवांतपणे दुसरीची वाट बघतो आणि मनासारखी यादी लागली की पहिली कॅन्सल करतो. त्याने स्वतः हेच केलं होतं, त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनीही. कॉम्प्युटरच्या कंपनीत चाळीस माणसांचा साहेब झाला तरी ॲडमिशनच्या बाबतीत श्रीरंग अजून कॉलेजच्या नोटीस बोर्डासमोरच उभा होता.

"इथे ते चालत नाही तर नाही," तो म्हणाला. "मग कोणालाच बांधून घ्यायचं नाही. नऊ ठिकाणी रेग्युलर टाकू. एप्रिलमध्ये सगळी पत्रं टेबलावर मांडू आणि शांतपणे निवडू."

"नऊ म्हणजे शिकागोसुद्धा," बाळदादा म्हणाला. हा श्रीरंगचा थोरला भाऊ, घराण्यातला पहिला अमेरिकेला आलेला, आणि म्हणून प्रत्येक विषयात पहिला बोलणारा. "मला विचारशील तर रेग्युलर म्हणजे शुद्ध लॉटरी आहे यार. आमच्या विनयने गेल्या वर्षी अकरा ठिकाणी टाकले. आठ ठिकाणून नकार. अर्ली टाकला असता तर पोरगा आज हव्या त्या ठिकाणी असता. मी उत्तराच्या बाजूने आहे."

"विनयला कुठे जायचं होतं हे विनयला माहीत होतं का?" सुलेखा म्हणाली. ती बाळदादाची बायको, आणि नवऱ्याचं पहिलं बोलणं संपलं की दुसरं बोलणं तिचं असे. सतरा वर्षांच्या मुलीला नोव्हेंबरात एकाच ठिकाणाला हो म्हणायला लावणं तिला मुळीच पटत नव्हतं. लग्नाची बोलणीसुद्धा ह्यापेक्षा जास्त दिवस चालतात, असं ती म्हणाली.

उत्तराला मात्र कुठे जायचं ते माहीत होतं. जुलैमध्ये शाळेतल्या बाईंच्या शिफारशीने ती दोन आठवडे वेदरबीला राहून आली होती. तिथे एका म्हाताऱ्या प्रोफेसरांबरोबर तिने होडीतून तळ्याच्या तळाचा चिखल लांब नळीत भरून वर काढला होता. परत आल्यापासून घरात ह्या चिखलाशिवाय विषय नव्हता.

"चिखल शिकायला मॅसॅच्युसेट्सला," श्रीरंग म्हणाला. "दहा हजार तळ्यांच्या मिनेसोटातून."

"बाबा, इट्स नॉट चिखल." तिने कपाळावरचे केस मागे सारले. "म्हणजे, आहे चिखल. पण थर असतात. एकेक वर्षाचा एकेक. ह्या वर्षी झाडं जळली, ह्या वर्षी पूर आला, ह्या वर्षी कोणीतरी इथे शेती सुरू केली. चारशे वर्षं एका नळीत, आणि कोणी ते अजून वाचलेलं नाही. मला ते वाचायचं आहे. नऊ ठिकाणी नाही वाचायचं मला. देअर."

मग बाळदादाने उत्तराच्या पाठीवर थाप मारली आणि फॉर्मच नाही तर काय करणार, असं म्हणून बेसनाचा लाडू उचलला. वसुधा उठून स्वयंपाकघरात गेली. ओट्यापाशी उभी राहून तिने नळ सोडला आणि पाणी तसंच वाहू दिलं.

सुलेखा मागोमाग आली. "करंजीचं कातणं कुठे ठेवतेस ग? संध्याकाळच्या नैवेद्याला चार ताज्या करू या." आणि तिने शेगडीशेजारच्या खणाला हात घातला.

"तिथे नाही," वसुधा म्हणाली. जरा जास्तच जोरात म्हणाली.

सुलेखाने हात मागे घेतला आणि जावेकडे नीट बघितलं. वीस वर्षं दोघी एकमेकींना ओळखत होत्या, त्यांतली पहिली चार एकाच अपार्टमेंटमध्ये, एका फ्रीजवर काढलेली.

"तुला ती जायलाच नको आहे," सुलेखा म्हणाली.

"असं कुठे म्हटलं मी."

"नाहीच म्हणालीस. म्हणून तर कळलं." तिने नळ बंद केला. "विनय गेला तेव्हा पहिला महिनाभर मी त्याच्या चार पोळ्या जास्तीच्या करत होते. मग सवय झाली. सवय झाली ह्याचंच जास्त वाईट वाटलं मला. पण झाली."

वसुधाला तिच्या गळ्यात पडून सगळं सांगावंसं वाटलं. तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात बाहेरून श्रीरंगने चहाची हाक मारली आणि ती चहाचं आधण ठेवायला वळली.

*

चहा घेऊन ती बाहेर आली तेव्हा दहा वाजून गेले होते. अण्णांच्या हातात एक कागद होता. शिकागोचा परत आलेला फॉर्म सकाळपासून टेबलावर पडला होता, तो त्यांनी उचलून चष्म्याजवळ धरला होता आणि ओळीखाली बोट फिरवत वाचत होते.

अण्णांनी एकतीस वर्षं गावच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं टेबल सांभाळलं होतं. हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले. त्यांना विमानतळावरची पाटी वाचताना अडखळायला होई, पण ऑफिसचं इंग्रजी त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

"श्रीरंगा, तू हा वाचलास?"

"भरला की मी, अण्णा."

"भरलास. वाचलास का?" त्यांनी बोट ठेवलं. "शॅल विथड्रॉ ऑल अदर ॲप्लिकेशन्स. मे नाही, शॅल आहे. खाली तीन सह्या. विद्यार्थी, पालक, शाळा. तिघांनी मिळून दिलेला शब्द आहे हा. असे दोन शब्द तू दोन ठिकाणी द्यायला निघाला होतास."

बाळदादाला हे नवीन होतं. अर्ली म्हणजे लवकर, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. शब्द, बांधिलकी, तीन सह्या हे ऐकल्यावर त्याने सूर बदलला. असं असेल तर श्रीरंगचंच बरोबर, तो म्हणाला, बांधून घेण्यात शहाणपण नाही. उत्तराने काकाकडे बघितलं आणि मान खाली घातली. आता टेबलाशी तिच्या बाजूचं कोणी उरलं नव्हतं.

"ॲडमिशन घेऊन ठेवायची आणि मग कॅन्सल करायची," अण्णा म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. त्यांनी कागद ठेवला, कानटोपी काढली आणि मांडीवर घेतली. "तुझी कशी कॅन्सल झाली, माहीत आहे तुला?"

"माझी? सत्तावन साली? पुण्याची यादी लागली, मी अर्ज लिहून तुमच्या हातात दिला आणि गेलो."

"सात ऑगस्टला दिलास. मी तो टेबलाच्या खणात ठेवला." अण्णा सावकाश बोलत होते, जुनी फाईल वाचून दाखवावी तसे. "तुझी तब्येत तोळामासा. हॉस्टेलचं जेवण मानवलं नाही, चार दिवसांत परत आलास, तर इथली जागा हातची जायला नको. म्हणून ठेवला. आज देऊ, उद्या देऊ. बारा दिवस ठेवला. तुझं पत्र आलं की सगळं ठीक आहे, तेव्हा बाहेर काढला आणि त्यावर शिक्का मारला. तोवर रिकाम्या जागा भरायची तारीख उलटून गेली होती."

श्रीरंगने चहाचा कप खाली ठेवला.

"वेटिंग लिस्टवर पहिलं नाव गोविंद वाघमोडेचं होतं. पाटबंधारे खात्यातला ओव्हरसिअर. तिशी उलटलेली, दोन मुलींचा बाप. खात्याने त्याला शिकायला रजा द्यायचं कबूल केलं होतं, पण त्याच एका वर्षी. जेवणाच्या सुट्टीत रोज सायकलवर यायचा, बोर्ड बघायचा, मला नमस्कार करायचा आणि जायचा. मी खणावर हात ठेवून नमस्कार घ्यायचो. शेवटच्या दिवशी म्हणाला, साहेब, नशिबात नव्हतं. मी म्हणालो, हो."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत," श्रीरंग म्हणाला. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"तुला काय सांगू? तू तुझं काम वेळेवर केलं होतंस. खण माझा होता." त्यांनी उत्तराकडे बघितलं. "वर्षभर त्या वर्गात एक जागा रिकामी राहिली. मी कोणाचं वाईट चिंतलं नव्हतं ग. मला फक्त माझं पोर जवळ राहायची सोय ठेवायची होती."

वसुधा रिकामा ट्रे हातात धरून उभी होती. तिच्या कानात अण्णांचा खण आणि तिचा खण एक झाले होते. सासऱ्यांनी तीस वर्षं हे पोटात ठेवलं, आणि आपणही असंच म्हातारं व्हायचं, कोणाला न सांगता, असं तिला स्पष्ट दिसलं. तिला आपली भयंकर लाज वाटली. मग तिने ट्रे ठेवला, स्वयंपाकघरात गेली, सोऱ्या उचलला आणि पाकीट आणून उत्तराच्या ताटलीशेजारी ठेवलं. त्यावर पिठाची बोटं उमटली होती.

"मंगळवारी आलं," ती म्हणाली. "मी ठेवलं होतं. विसरले नव्हते. मुद्दाम ठेवलं."

उत्तराने पाकीट बघितलं, मग आईला. "यू हॅड इट." ती ओरडली नाही. ओरडली असती तर वसुधाला सोपं गेलं असतं. "मी काल तीनदा मेलबॉक्स बघितला. तू विंडोमधून बघत होतीस."

"हो."

"व्हाय, आई?"

वसुधाने रिकामा ट्रे उचलला आणि परत ठेवला. श्रीरंग बायकोकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्य होतं. इतकी वर्षं घरात गोंधळ घालायचं खातं त्याच्याकडे होतं.

सुलेखाने घड्याळाकडे बघितलं आणि पोस्टाची खिडकी शनिवारी बाराला बंद होते, एवढंच सांगितलं. अकरा वाजत आले होते. अण्णांनी पाकीट फोडून फॉर्म श्रीरंगसमोर सरकवला. सही कर असं ते म्हणाले नाहीत. "वाच," एवढंच म्हणाले.

श्रीरंगने वाचला. पहिल्यांदा, शेवटपर्यंत. मग पेन हातात घेऊन तो मुलीला म्हणाला, "त्यांनी हो म्हटलं की सगळं बंद. एप्रिलमध्ये दुसरं काही आवडलं तर मागे फिरता येणार नाही. मी फिरू देणार नाही."

"आय नो."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर नऊ ठिकाणी," उत्तरा म्हणाली. "शिकागोसुद्धा. प्रॉमिस."

श्रीरंगने पेनाचं टोपण काढलं. नऊ पत्रं टेबलावर मांडायचं त्याचं एक सुंदर चित्र होतं, ते त्याने मनातल्या मनात गुंडाळून ठेवलं असावं. त्याने सही केली. उत्तराने फॉर्म त्याच पाकिटात घालून ते चिकटपट्टीने बंद केलं आणि जुन्या पत्त्यावर कागद चिकटवून वेदरबीचा पत्ता लिहिला. बाळदादाने लगेच जाहीर केलं, की आपण पहिल्यापासून अर्लीच म्हणत होतो. सुलेखाने आज अमावास्या आहे, चालेल का, असं विचारलं. दिवाळीची अमावास्या शुभ असते, अण्णा म्हणाले, आणि त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली.

*

गाडी वसुधाने काढली. श्रीरंग किल्ली घेऊन उठला होता, पण ती "मी नेते" म्हणाली आणि त्याने किल्ली दिली. उत्तरा शेजारी बसली, पाकीट मांडीवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडं उघडी झाली होती आणि तळ्याच्या कडेला बर्फाचा पहिला पातळ पापुद्रा धरला होता. पहिल्याच सिग्नलला गाडी थांबली.

"मला वेळ हवा होता," वसुधा म्हणाली. "दुसरं काही नाही. तू डिसेंबरात पत्र उघडशील आणि त्या दिवशी तू गेलेली असशील, असं मला वाटलं. एप्रिलपर्यंत तरी तू कुठलीच नसतीस, घरातलीच असतीस. म्हणून ठेवलं. चुकले मी, उत्तरा. तुझं होतं ते."

उत्तराने मांडीवरचं पाकीट सरळ केलं. "मी ऑगस्टपर्यंत इथेच आहे, आई."

"हो."

"दॅट्स टेन मंथ्स. पत्र कधीपण येऊ दे. एप्रिल असो, डिसेंबर असो, मी ऑगस्टमध्येच जाणार."

वसुधाला हे सुचलंच नव्हतं. चार दिवस सोऱ्याखाली पाकीट दाबून ठेवणाऱ्या बाईला साधे महिने मोजायला सुचलं नव्हतं. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, त्यामुळे सिग्नल हिरवा झाल्याचं उत्तराला सांगावं लागलं.

"मी अजून मॅड आहे," उत्तरा म्हणाली. "जस्ट सो यू नो."

"राहा की. दहा महिने आहेत."

उत्तराने खिडकीकडे तोंड फिरवलं. ती हसली की नाही ते वसुधाला दिसलं नाही.

पोस्टात पाच-सहा माणसं रांगेत होती. पावणेबारा झाले होते. उत्तराने पाकीट छातीशी दोन्ही हातांनी धरलं होतं. वसुधा तिच्या मागे उभी राहिली, मुद्दाम एक पाऊल अंतर ठेवून. ह्या कागदाला आता पुन्हा आपला हात लागू नये, असंच तिला वाटत होतं. रांग पुढे सरकली. पुढच्या बाईने तिकिटं घेतली, सुटे पैसे पर्समध्ये टाकले आणि बाजूला झाली. खिडकीतल्या माणसाने 'नेक्स्ट' म्हटलं.

उत्तरा पुढे झाली नाही. ती मागे वळली आणि तिने पाकीट आईसमोर धरलं.

"तू दे," ती म्हणाली.

वसुधाने तिच्याकडे बघितलं. मग तिने पाकीट घेतलं, पदराने त्यावरचं पीठ पुसलं, आणि पुढे होऊन खिडकीतल्या माणसाच्या हातात दिलं.